बघायला येतात पक्षी

सहलीची माहिती व्हॉट्सॲपवर टाकली की फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅडम, तिथे काय काय दिसणार?’ चिलिकाच्या बाबतीत उत्तर सोपं असतं. मळगुजांचे थवे दिसतील, तलवार बदकं आणि थापट्या दिसतील, जांभळ्या पाणकोंबड्या तर अगदी नावेजवळ. शिवाय सातपाड्याला डॉल्फिन. एवढ्यावर पैसे भरले जातात. ‘गवत दिसेल, पुष्कळ गवत दिसेल’ असं मी फोनवर कधी म्हणत नाही. पोट पक्ष्यांवर आहे. पण प्रत्यक्षात सहलीच्या चार दिवसांत माणसं सर्वांत जास्त वेळ ज्याच्याकडे तोंड करून बसतात ते गवतच असतं. पक्षी येतो, दोन मिनिटं थांबतो, उडून जातो. मधला वेळ गवताचा.

मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. नोकरी सोडल्यावर पुण्याहून छोटे गट घेऊन पाणथळींवर जायला लागले, आणि पक्ष्यांच्या सहलीला माणसं मिळतात, वनस्पतींच्या सहलीला मिळत नाहीत हे या धंद्यात पाऊल ठेवताच कळलं. तेव्हा जाहिरातीत पक्षी, आणि वनस्पती जागेवर गेल्यावर, अशी माझी पद्धत बसून गेली. ओडिशातलं चिलिका सरोवर या पद्धतीला फार सोयीचं आहे. तिथे पक्षी कुठे आहेत हे समजून घ्यायचं तर आधी गवत कुठे आहे ते समजून घ्यावंच लागतं.

विशाखापट्टणमच्या बाजूने भुवनेश्वरकडे जाणाऱ्या गाडीने दिवसाउजेडी गेलात तर रंभा ते बालुगाव या टप्प्यात रूळ सरोवराच्या कडेने जातात. उजव्या खिडक्यांवर झुंबड उडते. ते दक्षिणेकडचं पाणी, त्यातल्या त्यात खोल आणि नितळ. तिथेच मी सांगून ठेवते की हे डोळे भरून बघून घ्या, कारण आपण उत्तरेला जाणार आहोत आणि तिथे पाणी असं उघडं दिसणार नाही. लोक ऐकून घेतात. विश्वास दुसऱ्या दिवशी सकाळी बसतो.

नकाशावर चिलिका एकच निळा डाग दिसतं, पण त्याच्या पाण्याला एक चव नाही. उत्तरेला महानदीचे फाटे, दया आणि भार्गवी, गोडं पाणी आणि गाळ आणून ओततात. (दया म्हणजे धौलीच्या टेकडीखालून वाहणारी, कलिंगयुद्धाशी जिचं नाव जोडलं जातं तीच नदी. गटात इतिहासाचं वेड असलेलं कुणी ना कुणी निघतंच, त्यामुळे वाटेत धौलीचा थांबा ठेवावा लागतो.) पूर्वेला वाळूची लांबच लांब पट्टी, तिच्यात समुद्राकडे उघडणारं मुख, तिथे पाणी खारं. मधला सगळा भाग मचूळ, आणि तोही ऋतूप्रमाणे कमीजास्त. उन्हाळ्यात सरोवर सुमारे ९०० चौरस किलोमीटरवर येतं, पावसाळ्यात साडेअकराशेच्या पुढे पसरतं. एवढ्या पसाऱ्याला खोली मात्र बहुतेक ठिकाणी दोन पुरुषही नाही. पाणी उथळ म्हणून ऊन तळाला पोचतं आणि ऊन पोचतं म्हणून तळाला हिरवं काहीतरी उगवतं. गोड्या बाजूला नळगवत आणि पाणकणीस, मचूळ पाण्यात बुडून वाढणारी पाणगवतं, खाऱ्या बाजूला सागरी गवत, वाळूवर मर्यादवेल, रावणाच्या मिशा, केवडा आणि माणसाने लावलेला सुरू. काठ आणि बेटं धरून सपुष्प वनस्पतींच्या सातशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. इतक्या जातींची सोय एका सरोवराच्या भोवती होते ती मिठाचं प्रमाण जागोजागी बदलतं म्हणून.

मंगलाजोडी हे खोर्धा जिल्ह्यातलं उत्तर काठावरचं गाव. भुवनेश्वरहून साठ-सत्तर किलोमीटर. गाव संपलं की मातीचा बंधारा सरळ पाणथळीत शिरतो आणि त्याच्या टोकाला सपाट बुडाच्या लाकडी नावा लागलेल्या असतात. मागे एक जण लांब बांबू चिखलात रोवून नाव ढकलतो, पुढे गाइड दुर्बीण गळ्यात अडकवून बसतो. इंजिन नाही. नळगवताच्या दोन भिंती, मध्ये नावेपुरता पाट. भिंती माणसाच्या डोक्याच्या वर जातात, त्यामुळे पहिली काही मिनिटं गवताशिवाय काही दिसतच नाही आणि जडजड लेन्स घेऊन आलेले लोक अस्वस्थ होतात. कुणीतरी विचारतंच, ‘ताई, मोकळ्यावर कधी येणार आपण?’

मग पाट थोडा रुंदावतो, पाणकणसाचा पट्टा लागतो, आणि जांभळी पाणकोंबडी नाश्त्याला बसलेली सापडते. हे मला कितीही वेळा बघायला आवडतं. ती पाणकणसाचा एक कोंब निवडते, चोचीने बुडातून ओढून काढते, मग एका पायाच्या लांब बोटांच्या मुठीत तो उभा धरते. वरची हिरवी पात तिच्या कामाची नाही. ती चोचीने टरकावून टाकून देते. खालचा वीतभर पांढरा, कोवळा, रसाळ बुडखा तेवढा सोलत सोलत खाते. खाऊन झालं की पुढचा कोंब. ती जिथे बसलेली असते तिथे पाण्यावर टाकलेल्या पातींचा खच पडलेला असतो. त्या तरंगणाऱ्या कचऱ्यावर किडे जमतात, किड्यांवर लहान पक्षी येतात. लेन्सवाले पाणकोंबडीचं लाल कपाळ टिपत असतात, तेव्हा मी म्हणते, ‘आता तिच्या पायात काय आहे तेही घ्या फ्रेममध्ये.’ अर्ध्याजणांच्या फोटोत ते अगोदरच आलेलं असतं, त्यांनी फक्त पाहिलेलं नसतं.

बंधाऱ्यावर गावकऱ्यांनी कापून आणलेल्या नळाच्या पेंढ्या पडलेल्या असतात. छपराला, कुंपणाला, चटईला ते गवत लागतं. त्यातली एक काडी घेऊन मी पेराच्या मध्ये आडवी कापून दाखवते. आत पोकळी. चिखलाच्या आत मुळांना हवा मिळत नाही, तिथला ऑक्सिजन कुजण्यातच संपलेला असतो. नळगवत ती हवा पानांकडून, खोडातून, खालच्या आडव्या खोडापर्यंत उतरवतं. चिखलातून उपटून निघालेलं मूळ कधी हाती लागलं तर त्यावर तांबूस गंज दिसतो: भोवतालचा चिखल काळा आणि मुळालगतचा थर गंजलेल्या खिळ्यासारखा. मुळातून जो थोडा ऑक्सिजन पाझरतो त्याने चिखलातलं लोह तिथल्या तिथे गंजतं. वर्गात हे मी फळ्यावर खडूने काढायचे आणि मुलं जांभया द्यायची. नावेत तेच मूळ हातोहात फिरतं. एक निवृत्त इंजिनिअर तर ते रुमालात बांधून घेऊन जायला निघाले होते. ‘काका, तेवढं राहू द्या इथेच,’ असं म्हणावं लागलं.

मंगलाजोडीचा बोलबाला एका वेगळ्याच कारणाने झाला, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नव्वदच्या दशकापर्यंत हे गाव पक्ष्यांच्या शिकारीसाठी ओळखलं जायचं. हिवाळ्यात येणारी बदकं मारून बाजारात विकणं हा इथला उद्योगच होता. वाइल्ड ओरिसा या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ (आडनाव ऐकून आमच्या गटातले लोक हमखास ‘आपलेच का?’ म्हणतात, ते ओडिशातलेच) यांनी शिकाऱ्यांशी बोलणी लावून धरली, आणि २००० साली शिकार सोडलेल्या माणसांची श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. तीच माणसं राखण करायला लागली आणि पुढे पर्यटन आल्यावर नावाडी आणि गाइड झाली. हा भाग सगळ्या माहितीपत्रकांत असतो. ती माणसं गाइड म्हणून इतकी तरबेज का, हे मात्र त्यांत नसतं. शिकाऱ्याला पक्षी ओळखण्याआधी गवत ओळखावं लागतं. कुठल्या झुडपाच्या पोटात पाणी किती, कुठल्या पट्ट्यात उन्हं वर येईपर्यंत बदकं दडून राहतात, कुठे पक्ष्याला बाहेर यायला जागा आहे, हे ज्याला कळलं नाही त्याच्या हाती काही लागत नव्हतं.

एका वयस्कर नावाड्याबरोबर मी नेहमी जाते. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. एकदा त्याने बांबू थांबवला आणि हनुवटीनेच एका झुडपाकडे खूण केली. तिथे काहीही नव्हतं. माझ्यामागचा मुलगा कुजबुजला, ‘काय आहे?’ नावाडी म्हणाला, ‘अभी नहीं है.’ आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळाने पाणकणसाच्या बुडातून एक पिटुकली फटाकडी, लांब बोटांनी तरंगत्या पातींवर पाय टाकत, बाहेर आली. त्याने सांगितलं की त्या एका जागी पाती आडव्या पडून पाण्यावर चटई झाली आहे, आणि त्या पक्ष्याला चालायला चटईच लागते. त्याला त्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव ठाऊक नाही. मला आहे, पण ती चटई मला दिसली नव्हती.

इथवर ऐकल्यावर गटाचं गवतावर प्रेम बसतं, आणि मग मला उलटी बाजू सांगावी लागते. विसाव्या शतकाच्या शेवटी याच गवताने चिलिकाचा गळा धरला होता. नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला. समुद्राचं मुख सरकत सरकत लांब गेलं आणि त्याच्याकडे जाणारा प्रवाहमार्ग गाळाने भरला. खारं पाणी आत येईना, गोडं पाणी बाहेर जाईना. सरोवर गोडं होत गेलं तशी गोड्या पाण्यातला झाडोरा माजला. नळगवत, जलपर्णी, बुडून वाढणारी पाणगवतं यांनी शेकडो चौरस किलोमीटर व्यापले. गवत गाळ अडवतं, अडलेल्या गाळावर आणखी गवत उगवतं; एकदा हे चक्र लागलं की ते आपणहून थांबत नाही. मासळी कमी झाली. १९८१ साली पाणथळींविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत आलेलं हे सरोवर १९९३ साली त्याच कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत, माँत्रो नोंदवहीत, जाऊन बसलं.

उपाय झाला तो गवत कापण्याचा नव्हे. चिलिका विकास प्राधिकरणाने वाळूची पट्टी कापून सातपाड्याजवळ समुद्राला नवं मुख दिलं, २३ सप्टेंबर २००० रोजी. समुद्राचं अंतर एकदम अठराएक किलोमीटरने कमी झालं. भरती-ओहोटी पुन्हा आत फिरायला लागली, मीठ वाढलं आणि मीठ न सोसणारा झाडोरा मागे हटला. त्याआधीच्या वर्षी मासळीचं उत्पादन पावणेदोन हजार टनांच्या आसपास होतं. २००१–०२ साली ते बारा हजार टनांच्या घरात गेलं. २००२ साली चिलिकाचं नाव माँत्रो नोंदवहीतून निघालं. आशियातलं असं हे पहिलं उदाहरण.

मग गवत चांगलं की वाईट? गटात इथे दोन तट पडतात, ‘कापून टाका’ आणि ‘हात लावू नका’. पुण्याचे लोक जलपर्णीने भरलेली मुळा-मुठा बघत मोठे झालेले असतात, त्यामुळे पहिला तट मोठा असतो. मी त्यांना एक गोष्ट जोडून देते. भुवनेश्वर शहराचं सांडपाणी गंगुआ नाल्यातून दया नदीत आणि तिथून चिलिकाच्या याच उत्तर टोकात येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद नळगवत शोषून घेतं. म्हणूनच ते इतकं माजतं, आणि म्हणूनच ते तिथे असावंही लागतं. कापून बाहेर नेलं तर त्याबरोबर ती घाणही बाहेर जाते. जागेवर कुजू दिलं तर सगळं परत पाण्यात. तेव्हा ‘किती आणि कुठे’ हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दर वर्षी बदलतं. पाऊस किती झाला, नदीला पूर किती आला, मुखात वाळू किती साचली यावर ते ठरतं. ऑक्टोबर २०१३ मधलं फायलिन चक्रीवादळ गोपाळपूरजवळ धडकलं, मे २०१९ मधलं फनी पुरीला. एका वादळाने आणि त्यामागून आलेल्या पुराने सरोवर काही काळ गोडं करून टाकलं, दुसऱ्याने वाळूच्या पट्टीत नवी तोंडं पाडली. वनस्पतींना दोन्हीचा हिशेब चुकता करावा लागला.

सातपाड्याची गोष्ट निराळी. तिथे पाणी मोकळं, नावा इंजिनाच्या, आणि येणारा प्रत्येक जण डॉल्फिनसाठी आलेला. चिलिकात इरावती डॉल्फिन दीडशेच्या आसपास आहेत, म्हणजे एवढ्या विस्तारात फार थोडे. पाठीवरचा आखूड पंख क्षणभर वर आला की चहूबाजूंनी बोटी त्या दिशेला वळतात. इंजिनांचा आवाज, डिझेलचा वास आणि ‘उधर, उधर’ असा गलका. आमच्या बोटवाल्याला मी निघतानाच ठरल्यापेक्षा जास्त पैसे देते आणि सांगते की पाठलाग करायचा नाही. इंजिन बंद करून एका जागी थांबायचं. पैसे जास्त आणि डिझेल कमी, हा व्यवहार त्याला आधी पटत नाही. मग तो मजेत विडी ओढत बसतो. डॉल्फिन कधी येतात, कधी नाही येत. नाही आले की गटातले दोघं-तिघं नाराज होतात आणि तसं बोलूनही दाखवतात. ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत, एवढ्या लांबून येतात बिचारे.

त्या थांबलेल्या वेळात मी स्टीलची ताटली काढते. तिच्यात सरोवराचं पाणी घालते आणि बोटीच्या कडेला तरंगत आलेलं सागरी गवत अलगद त्यात सोडते. उपटायचं नाही, तुटून आलेलंच घ्यायचं. हॅलोफिला त्याचं नाव. पानं नखाएवढी, लांबट गोल, देठ बारीक, जोडीजोडीने उगवलेली. बारीक दोऱ्यासारखं आडवं खोड चिखलातून सरकत जातं आणि पेराला पेराला एक पांढरं मूळ खाली सोडतं. पान उजेडाकडे धरलं की मधली शीर आणि तिच्यातून दोन्हीकडे निघालेल्या आडव्या शिरा मोजता येतात. हे शेवाळ नाही, फुलं येणारी वनस्पती आहे, आणि तिचं परागीभवन पाण्याखालीच, पाण्याच्या हातून होतं, असं सांगितलं की लोकांचा पहिला उद्गार असतो, ‘एवढंसं?’ हो, एवढंसंच. पण त्याचा गालिचा तळाचा चिखल धरून ठेवतो, पाणी नितळ राहतं, आणि कोळंबीची, माशांची पिल्लं त्यात लपून वाढतात. रात्री हॉटेलात जी चिंगुडी, म्हणजे कोळंबी, ताव मारून खाल्ली तिचं बालपण अशाच कुठल्यातरी गालिच्यात गेलेलं असणार. हे वाक्य मी मुद्दाम जेवणानंतरच्या दिवशी म्हणते. ताट आठवलं की माणूस गवताकडे नीट बघतो.

आणि मग बोटीच्या पंख्याकडे बोट दाखवते. उथळ पाण्यात पंखा फिरला की ही दोऱ्याएवढी खोडं तुटतात, तळ ढवळला जातो, गढूळ पाण्यात ऊन उतरत नाही आणि जे तुटलं नाही तेही उपाशी राहतं. एका बोटीने काही होत नाही. हंगामात तिथे किती बोटी असतात ते लोक आपल्या डोळ्यांनी बघतच असतात. पर्यटनाखेरीज घेरी आहेतच: जाळी आणि बांबूंनी पाणी अडवून केलेली कोळंबीची कुंपणं. चिलिकाभोवतालच्या कोळंबीशेतीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंदी घातली, तरी घेरी उठवण्याच्या मोहिमा त्यानंतर वर्षानुवर्षं चालूच राहिल्या. घेरी प्रवाह अडवते. प्रवाह अडला की गाळ बसतो आणि गाळावर नको तो झाडोरा. म्हणजे फिरून तेच.

दोन्ही ठिकाणी इतकी वर्षं ये-जा केल्यावर माझं एक मत झालं आहे, ते कुणाला विक्षिप्त वाटेल. पाणथळीतल्या वनस्पतींचा पर्यटनाला उपयोग काय, असं विचारलं की अहवालांमधून उत्तर येतं: सौंदर्य, जैवविविधता, औषधी गुण. मला वाटतं त्यांचा मोठा उपयोग पर्यटकाला आवर घालण्याचा आहे. मंगलाजोडीत नाव हळू जाते ती कुणी फार सद्गुणी आहे म्हणून नव्हे. गवतामुळे पाट अरुंद आणि पाणी उथळ, इंजिन चालवून करणार काय? नावेत पाच-सहाच माणसं बसतात, कारण मोठी नाव वळतच नाही. गवताआड पक्ष्याला लपायला जागा असते, त्यामुळे तो नाव जवळ येऊ देतो. बांबूने ढकलायला माणूस लागतो, म्हणून जास्त घरांत पैसा जातो. यातला एकही नियम कुणाला फलकावर लिहून लावावा लागलेला नाही. सातपाड्याला गवत पाण्याखाली, डोळ्याआड. तिथे फलक आहेत, नियम आहेत, आणि शिस्त लावायला माणसं कमी पडतात.

नलबण बेटाचं तसंच. सरोवराच्या मधोमध साडेपंधरा चौरस किलोमीटरचं हे पक्षी अभयारण्य पावसाळ्यात पाण्याखाली जातं आणि हिवाळ्यात दलदल म्हणून वर येतं. रोहित, पट्टकदंब, हजारोंनी बदकं तिथे उतरतात. पर्यटकाला ते लांबूनच बघावं लागतं, आणि कितीही आर्जवं झाली तरी मला ते योग्य वाटतं. सगळंच जवळून बघायला मिळालं पाहिजे हा हट्ट पैसे भरल्याने न्याय्य होत नाही.

गटात कोकणातलं कुणी असलं की हमखास विचारतं, ‘इथे कांदळ कुठे आहे?’ खऱ्या कांदळवनाची झाडं चिलिकात मोजकीच, काठाकाठाने. मालवणच्या एक काकू तर या बाबतीत स्पष्टच बोलल्या: ‘आमच्याकडे झाडं कशी झाडांसारखी दिसतात.’ मुद्दा खोटा नव्हता. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात, तिथेही मी गट नेते. तिथे वनस्पतीच प्रमुख पाहुणी म्हणून पुढे येते. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, झाडावरच रुजून लोंबणाऱ्या शेंगा, पानांवर साचलेलं मीठ जिभेला लावून बघणं, मुलंसुद्धा रमतात. महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला तेव्हा त्या बायकांकडे सांगायला आणखी एक गोष्ट झाली. गवताला असला मान कोण देणार? ते दिसायला सगळं एकसारखं, फोटोत पार्श्वभूमी म्हणून धूसर झालेलं. तेव्हा चिलिकात गवत दाखवून पर्यटक वाढतील असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही. वाढलेच तर राहण्याचे दिवस वाढतील. सकाळी पक्षी बघून दुपारी परत फिरणारा माणूस एखाद-दुसरा मुक्काम जास्त करेल, एवढीच माझी अपेक्षा, आणि ती थोडीफार पुरी होते.

मोठी अडचण हंगामाची. मार्च उजाडला की बहुतेक पाहुणे पक्षी उत्तरेला निघून जातात आणि नावा बंधाऱ्याला बांधलेल्या राहतात त्या थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. मधल्या महिन्यांत नावाड्यांना मासेमारी, मजुरी, काय मिळेल ते. वनस्पतींचा हंगाम मात्र नेमका तेव्हाच असतो. पावसाळ्यात कुमुदं फुलतात, कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि नर ती उबवतो, सगळी पाणथळ उंचीने आणि रंगाने बदलते. म्हणून मी पावसाळ्यातली सहल काढून पाहिली. नेहमीच्या मंडळींपैकी कुणी नाव दिलं नाही. उकाडा, पाऊस, वादळाची भीती आणि पक्षी नाहीत, कोण येणार? आले ते वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, निम्म्या पैशांत, गावातल्या घरांमध्ये सतरंजीवर झोपायच्या तयारीने.

त्या मुलांबरोबर नावाड्यांची गंमत झाली. दुर्बिणी नाहीत, कॅमेरे नाहीत, ‘रुकिए’ म्हणतात ते एखाद्या पानासाठी. पहिल्या दिवशी नावाडी एकमेकांकडे बघून हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने स्वतःहून नाव आडवाटेला घातली आणि पाण्याखाली हात घालून एक पाणगवत वर काढलं: हे म्हशी खात नाहीत, पण हिवाळ्यात बदकं याच्यावरच असतात. दुसऱ्याने कुठला कंद दुष्काळात शिजवून खाल्ला जायचा ते सांगितलं. मुलांच्या वह्या भरल्या. शेवटच्या संध्याकाळी हिशेब करताना मी विद्यार्थ्यांची सवलत नावेच्या भाड्यातही मागून पाहिली. माझा नेहमीचा नावाडी ठाम होता: माणसं हलकी असोत की भारी, बांबू तेवढाच ढकलावा लागतो; आणि पक्षी असले की नाव निवांत थांबते, ही पोरं तर पानापानाला थांबवून लगेच पुढे ढकलायला लावतात. पूर्ण भाडं घेतलं त्याने. ते भाडं धरून पुढच्या पावसाळ्याचा दर मी काढला आहे. तो विद्यार्थ्यांना परवडतो का, ते जूनमध्ये नावं यायला लागली की कळेल.